भिंतीला बुरशी आलीय, असा भाडेकरूंचा मेसेज आल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत शामरावनगरात वडिलांनी बांधलेलं तळमजल्याचं घर दोन वर्षांपासून भाड्यानं दिलेलं आहे आणि मालकीणबाई पुण्यात राहतात. जुलैच्या शेवटी भाडेकरू वहिनींनी तीन फोटो पाठवले. बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत, हॉलच्या भिंतीला खालून पोपडे सुटलेत आणि त्यावर पांढरं काहीतरी आलंय. मुलाला खोकला आहे, ही काळी बुरशीच आहे, लॅबमधून तपासून घ्या आणि तोवर भाडं कमी करा, असं त्यांचं म्हणणं. बाईंचे भाऊ म्हणतात, "रंग मारून दे, नाहीतर घर सोडायला सांग." आता करायचं काय आणि खर्च कुणी करायचा?

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. वीसेक वर्षं सांगली-मिरजेत बाहेरगावी गेलेल्या लोकांची घरं सांभाळतो. भाडेकरू बघणं, करार, गळती, ड्रेनेज, सगळं. तुमच्या भावांचा 'रंग मारून दे' हा सल्ला मी स्वतः एकदा पाळलेला आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना करा. गावभागातल्या एका घरात छातीभर पाणी होतं. मालकांना दिवाळीच्या आत भाडेकरू ठेवायचा होता. भिंती धुतल्या, घासल्या, ऑक्टोबरमध्ये हात लावून पाहिलं तर कोरड्या लागल्या. पुट्टी भरली, वर चकचकीत प्लास्टिक पेंट. घर नव्यासारखं दिसायला लागलं, फोटो पाठवले, मालक खूश. फेब्रुवारीत भाडेकरूंचा फोन आला, "भिंतीला फोड आलेत." जाऊन एका फोडाला टाचणी लावली, तर आतून पाणी ओघळलं. कपाट ओढलं तर मागची भिंत काळी-हिरवी. विटेची भिंत ढोबळ हिशोबानं महिन्याला इंचभर सुकते. ९ इंची भिंत दोन्ही अंगांनी सुकत गेली तरी चार-साडेचार महिने हवेत, आणि मी तिला दोन महिन्यांत रेनकोट घालून मोकळा झालो होतो. भाडेकरू मार्चमध्ये गेले. गिलावा सोलून सगळं पुन्हा करावं लागलं. मालक अजूनही भेटले की विचारतात, "आता कितवा कोट?"

तेव्हा रंगाच्या डब्याला इतक्यात हात लावू नका. आणि फोनवर निदानही करू नका. मालक मंडळींची दोन वाक्यं अगदी ठरलेली असतात. पहिलं, "तुम्ही खिडक्याच उघडत नसाल." दुसरं, "आम्ही तीस वर्षं राहिलो, आम्हाला कधी काही झालं नाही." पहिलं कधीकधी खरंही असतं, पण न बघता बोललेलं असल्यामुळे भाडेकरूच्या डोक्यात तेच राहतं, आणि पुढं तुम्ही कितीही खर्च केलात तरी संबंध काही सुधारत नाहीत. दुसऱ्या वाक्याला तर अर्थच नाही. तीस वर्षांपूर्वी तुमच्या घरासमोरचा रस्ता जोत्यापेक्षा किती खाली होता आणि आज कुठं आलाय ते आठवून बघा.

मेसेज आला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं पाहिजे. लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. मी साधारण असं लिहितो:

"वहिनी, फोटो मिळाले, बरं झालं लगेच कळवलंत. शनिवारी सकाळी दहाला मी माणूस घेऊन बघायला येतो, वेळ चालेल का सांगा. तोपर्यंत मुलाला त्या खोलीत झोपवू नका, कपाट भिंतीपासून जरा ओढून ठेवा, डाग कोरडा घासू नका. ओल पहिल्यांदा कधी दिसली आणि पाऊस नसतानाही असते का, एवढं आठवून ठेवा. बघून झाल्यावर काय करायचं आणि किती दिवस लागतील ते लेखी कळवतो."

यात चूक कबूल केलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. भाडं, तपासणी, जबाबदारी हे विषय बघून आल्यावर. त्या शनिवारी मात्र जायचंच. अशा प्रकरणात 'बघतो' म्हणून न गेलेला माणूस सगळ्यात जास्त महागात पडतो.

आता फोटोंबद्दल. तुम्ही ज्याला एक तक्रार समजताय त्या बहुतेक दोन आहेत.

हॉलमधलं खालचं पांढरं प्रकरण मला लोणा वाटतो. याच भागातल्या एका मावशींनी मला एकदा घाबऱ्या आवाजात फोन केला होता, "अहो, भिंतीला केस आलेत!" गेलो तर खरंच, पोपड्याखालून कापसाच्या तंतूंसारखे बारीक पांढरे केस. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार बाहेर फुलून येतात. ओळखायला सोपं आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी होत नाही. बोटांत चुरला तर लोण्याची पूड होते, बुरशी चिकट माखते. आमचे जुने गवंडी बोट सरळ जिभेला लावून 'खारं' म्हणून सांगायचे. तुम्ही कुणी तो उद्योग करू नका.

पण लोणा आहे हे कळलं की मालक लगेच हुश्श करतात, "बघा, बुरशी नाहीच!" अहो, म्हणून काय झालं? भिंतीत पाणी आहे एवढं तर सिद्ध झालं. आज खाली लोणा आहे, उद्या त्याच ओलीवर सोफ्यामागं बुरशी येईल. ओल्या पुठ्ठ्यावर, प्लायवर, कापडावर तिला सुरू व्हायला दोन दिवस पुरतात. माझ्या लेखी तक्रार बुरशीची असो की लोण्याची, शोधायचं पाणीच असतं.

पाणी कुठून येतंय हे डागाची जागा बऱ्यापैकी सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि वर भिंत ठणठणीत असेल, तर ओल जमिनीतून चढतेय. छताच्या कोपऱ्यात किंवा पंख्याच्या हुकाभोवती गोल डाग असेल तर टेरेस. खिडकीखाली मिशीसारखे ओघळ असतील तर सज्जाचा सांधा किंवा आत उतार असलेली खिडकीची पट्टी. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर, पावसाशी संबंध नसताना बारमाही ओल असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीतली सांडपाणी जाण्याची जागा) नाहीतर भिंतीत गाडलेल्या पाइपाचा जोड. ट्रॅपचं तोंड बांधून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवलं की ते स्वतःच कबुली देतं. पाइपासाठी रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर खूण करायची आणि सकाळी बघायचं.

शामरावनगरची गोष्ट थोडी वेगळी. काळी माती, सखल भाग, एकदा पाणी साचलं की हलायचं नाव नाही. सांगलीत स्वतःचा पाऊस फारसा नसतो. तो पडतो महाबळेश्वर-पाटणकडं आणि पाणी आमच्या दारात येतं. त्यात दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो. मग लोक अंगणात मुरूम टाकून पेव्हिंग ब्लॉक बसवतात, भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करतात, आणि वडिलांच्या वेळी दीड फूट वर असलेलं जोतं जमिनीच्या लेव्हलला येतं. जोत्यात ओल अडवायला घातलेला थर बाहेरच्या मातीखाली गेला की तो असून नसल्यासारखाच. तुमच्या हॉलची ती भिंत बाहेरून बघायला सांगा. मला आतल्या फोटोपेक्षा बाहेरचा फोटो जास्त सांगेल.

बेडरूमचा कोपरा ही वेगळी केस. सांगलीतच विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट माझ्याकडे होता, तिथं पूर नाही, जमिनीची ओल नाही, वर टेरेस नाही. तक्रार कुबट वासाची. चौघांनी मिळून कपाट सरकवलं आणि मागं भिंतीवर कपाटाच्याच आकाराचा काळा चौकोन, कडा अगदी पट्टीनं आखल्यासारख्या. बाहेरची भिंत पावसानं गार, कपाट तिला चिकटून, मध्ये हवा फिरायला जागा नाही, आणि त्याच खोलीत महिनाभर दोरीवर ओले कपडे. खोलीतला दमटपणा त्या गार भिंतीवर घाम होऊन बसत होता. मालक म्हणाले, "बघा, चूक भाडेकरूंची, कपडे आत वाळवतात." भाडेकरू म्हणाले, "मग कुठं वाळवू? बाल्कनी तुम्ही काच लावून बंद केलीय." आणि कपाट मालकांचंच, भिंतीला चिकटवून त्यांनीच ठेवलेलं. दोघांचंही खरं होतं. बाल्कनीची एक काच सरकती केली, बाथरूमला एक्झॉस्ट फॅन लावला, कपाट चार इंच पुढं घेतलं. भिंतीला हातसुद्धा लावावा लागला नाही, नुसती पुसून घेतली.

हे भिंतीतलं पाणी की खोलीतलं, असा वाद घालत बसण्यापेक्षा एक युक्ती करा. पोपडे काढून हातभर जागा कोरडी पुसा, त्यावर फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस सोडून द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं आले तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीची हवा. भाडेकरूंसमोर चिकटवा आणि त्यांच्यासमोरच काढा, मग कुणी कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. सोबत दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ ऑनलाइन पाचशेच्या आत मिळतं, ते खोलीत ठेवा. आकडा सतत साठ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला पोषक हवा आहे. आपल्याकडे श्रावणात तो बाहेरच साठच्या वर असतो, म्हणून 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला सरसकट देऊ नये. पावसानं उघडीप दिली की उघडायच्या, आंघोळ आणि स्वयंपाकानंतर वाफ बाहेर जाऊ द्यायची, बाकी वेळ पंखा.

काळी बुरशी या शब्दाचं काय करायचं? २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसला सगळ्यांनी काळी बुरशी म्हटलं, लोकांनी डोळे, जबडे गमावले, ती भीती अजून गेलेली नाही. वहिनींना हसू नका. पण त्या आजाराला ते नाव रुग्णाच्या मेलेल्या, काळ्या पडलेल्या पेशींवरून मिळालं. भिंतीवरचा डाग काळा आहे म्हणून तो तोच आजार, असं होत नाही. भिंतीवर येणाऱ्या कितीतरी साध्या बुरशी काळ्या असतात आणि रंगावरून जात ओळखता येत नाही. याचा अर्थ 'काही होत नाही' असाही नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा, खोकला, शिंका वाढतात, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. लहान मुलं, दमेकरी, केमोथेरपी चालू असलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना त्या खोलीपासून लांबच ठेवायचं. मुलाचा खोकला बुरशीमुळे आहे की नाही हे डॉक्टर सांगतील. ते मी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही.

लॅबबद्दल माझं मत स्पष्ट आहे: डोळ्यांना दिसतंय तर तपासणीवर पैसे घालवू नका. जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच आहे, पुसायचं आणि पाणी बंद करायचं. हवेत इतके कण म्हणजे सुरक्षित आणि इतके म्हणजे धोकादायक, अशी मान्य रेषा त्या सूचनांतही आखलेली नाही. रिपोर्ट आला की दोन्ही बाजू आपापला अर्थ काढतात, तेवढीच भर. "त्या पैशात मी एक्झॉस्ट फॅन लावून देतो," असं म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात.

साफसफाई. डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरच्या घरी होते, मोठा असेल किंवा पुराच्या, ड्रेनेजच्या पाण्यानं आला असेल तर कामाची माहिती असलेला माणूस बोलवा. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, पंखा बंद, खिडकी उघडी. आधी डाग ओला करायचा, कारण कोरडा ब्रश मारला की बुरशीचे कण घरभर उडतात. साबणाच्या पाण्यानं घासायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, भिंत पूर्ण सुकवायची. भिजलेली कापसाची गादी आणि फुगलेला प्लाय वाचवायच्या फंदात पडू नका. ब्लीचनं गिलाव्यावरचा काळा रंग जातो, आतलं मूळ राहतं, म्हणून मी ते टाळतो. आणि टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र कधीही ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे केलेल्या एका पोराला आम्ही धरून बाहेर आणलेलं आहे. डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांनी वास झाकला जातो, बास.

जमिनीच्या ओलीसाठी: बाहेरचा वाफा आणि भराव काढून जोतं उघडं करा, भिंतीपासून बाहेर उतार द्या, पागोळीचं पाणी पाइपानं लांब सोडा. आत ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा सोला आणि भिंत उघडी ठेवा, शक्य तर उन्हाळा येईपर्यंत. त्या पट्ट्यात पीओपी किंवा जिप्समची पुट्टी नको, ती पाणी पिते. वर श्वास घेणारा रंग, चुना असला तरी चालेल. दिसायला गबाळं दिसतं. भाडेकरूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'भिंत फोडून गेले' अशी दुसरी तक्रार येते.

आता पैसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम १४ आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकानं केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं ९,००० असेल तर वर्षाचं १,०८,००० आणि कापायची मर्यादा २७,०००. तुमचा करार मात्र बहुधा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असेल. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, म्हणून करारातलं दुरुस्तीचं कलम आधी वाचा आणि वाद वाढला तर वकिलाला दाखवा. करार नोंदवलेला नसेल तर तुमचीच बाजू लंगडी आहे. कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी, आणि ती नसेल तर उलट सिद्ध होत नाही तोवर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. घर बघायला जातानाही आधी कळवून, सोयीच्या वेळी. आणि राग आला म्हणून पाणी-लाईट तोडायचा विचार कुणी सुचवला तर त्याला कलम २९ दाखवा, त्यात मालकाला तशी मनाई आहे.

कायदा बाजूला ठेवला तर माझा हिशोब साधा असतो. जमीन, छत, पाइप, सज्जा यातून येणारं पाणी मालकाचं. कपडे, कपाट, वाफ यातून येणारं दोघांनी मिळून निस्तरायचं, आणि वाफेला बाहेर जायला वाटच नसेल तर तेही मालकाचंच. ज्या खोलीत काम चालू आहे आणि जी वापरता येत नाही, तिच्या प्रमाणात त्या महिन्याचं भाडं कमी करा. तीन खोल्यांतली एक बंद असेल तर सरळ तिसरा हिस्सा, काम संपेपर्यंत, आणि तसं लेखी. भांडून कायमचं हजार रुपये कमी करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. घर सोडायला सांगायचं म्हणाल, तर नवे भाडेकरू पुढच्या जुलैत हेच तीन फोटो पाठवतील.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शनिवारी जो कुणी जाईल त्याच्या खिशात पेन्सिल असू द्या. प्रत्येक डागाच्या कडेनं रेघ मारून त्यावर तारीख घालायची, शेजारी काडेपेटी धरून फोटो काढायचा आणि तोच फोटो वहिनींनाही पाठवायचा. दहा दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला की आतच थांबला ते बघायचं. बेडरूमच्या भिंतीवर प्लास्टिक, हॉलच्या भिंतीवर पाण्याचा एक थेंब. आणि बाहेर जाऊन अंगणापासून जोत्याची उंची टेपनं मोजून घ्या. ती चार इंचांपेक्षा कमी भरली, तर गवंड्याला सांगण्याआधी वाफा उकरायला माणूस सांगा.